अनुभव धागा: जर्मनमध्ये कामाला लागताना – बाह्या, हात, चपला आणि खिळे

‘कामाला लागणे’ या एका गोष्टीसाठी जर्मनमध्ये भरपूर वाक्प्रचार आहेत. कोशात अर्थ एका ओळीत मिळतो. वाक्यात बसवताना काय मोडतं आणि कुणासमोर काय बोलू नये, ते मात्र मिळत नाही. शिकवणाऱ्यांनी, तिकडे नोकरी करणाऱ्यांनी, भाषांतरवाल्यांनी लिहावं. आत्मचरित्र नको, उपयोगाचं लिहा. सुरुवात ‘दी एर्मल होखक्रेम्पल्न’पासून, म्हणजे बाह्या दुमडून वर करणे.

पुणे, ए-टू आणि बी-वनचे (जर्मनच्या सुरुवातीच्या आणि मधल्या पातळीचे) वर्ग घेणारी

हे तुटणारं क्रियापद आहे. ‘होख’ हा तुकडा कुठे जातो एवढं कळलं की निम्मं काम झालं.

साधं वाक्य: ‘वीअर क्रेम्पल्न येट्स्ट दी एर्मल होख.’ तुकडा थेट शेवटी.
‘म्युसन’सारखं (लागणे, भाग असणे) सहायक क्रियापद आलं की दोन्ही परत जोडले जातात: ‘वीअर म्युसन दी एर्मल होखक्रेम्पल्न.’
भूतकाळात ‘गे’ मध्ये घुसतो: ‘होखगेक्रेम्पल्ट’. ‘त्सु’सुद्धा तसाच मध्ये: ‘होखत्सुक्रेम्पल्न’.

‘वाइल’ने (कारण) सुरू होणाऱ्या उपवाक्यात क्रियापद शेवटी जातं. ते मराठी मुलांना जड जात नाही, आपलं क्रियापद शेवटीच असतं. अडतं ते साध्या वाक्यात. मध्ये ‘पुढच्या आठवड्यात’, ‘सगळ्यांनी मिळून’ असं काही घातलं की ‘होख’ राहून जातो आणि वाक्य लोंबकळत राहतं. उपाय: आधी ‘एर्मल होख’ हा शेवट पाठ करायचा, मग मागे एकेक शब्द जोडत जायचं.

आणखी दोन चुका. आपण ‘आपल्या बाह्या’ म्हणतो म्हणून मुलं ‘उन्झरं एर्मल’ लिहितात. या अर्थाने तिथे नुसतं ‘दी’ लागतं. दुसरी उच्चारातली. सुरुवातीचा ‘ए’ सोडून ‘आर्म’ म्हटलं तर बाही जाते आणि दंड उरतो. ‘होख’मधला ‘ख’ घशातून घासत येतो, उर्दूतल्या ‘ख़बर’सारखा. ‘खडू’तला ख नव्हे.

श्टुटगार्टजवळ, कारखान्यात उत्पादन नियोजन

ताईंनी व्याकरण सांगितलं, मी जागा सांगतो. बाह्यांचा वाक्प्रचार मीटिंगमध्ये, ईमेलमध्ये, पुढाऱ्यांच्या भाषणात, कुठेही चालतो. पण काम मोठं हवं आणि सगळ्यांनी जोर लावायचा असावा. रोजची मीटिंग सुरू करायला ‘फांगन वीअर आन’ (सुरू करूया) पुरे. तीन ओळींच्या उत्तरासाठी बाह्या वर केल्या तर समोरचा हसतो.

‘इन दी हेंड श्पुकन’, म्हणजे तळहातावर थुंकणे, अंगमेहनतीच्या वळणाचा आहे. कुदळीचा दांडा घसरू नये म्हणून आपल्याकडेही शेतात हेच करतात. ऑफिसात तो थट्टेतच येतो. त्यात ‘दी हेंड’ द्वितीयेत राहतं, कारण थुंकी हातावर जाते, तिथे गती आहे. चतुर्थी लावून ‘इन देन हेंडन’ म्हटलं की चुकलं.

आज्ञार्थ जपून. ‘कॉम इन दी गेंग!’ (चल, हल आता) आणि ‘राइस दिश आम रीमन!’ (स्वतःला सावर) हे मित्राला किंवा पोराला. वरिष्ठाला सोडाच, नवीन सहकाऱ्यालाही ते खडसावल्यासारखं लागतं. ‘वीअर’ (आपण) घातलं की धार जाते: ‘पाकन वीअर्स आन’ (चला, हाती घेऊया) कुणालाही बोला.

‘रान आन देन श्पेक!’ (चला, लागा कामाला) हेही कँटीनच्या रांगेत ऐकू येईल. श्पेक म्हणजे डुकराची चरबी. शाकाहाऱ्यांनी बिचकू नये, ताटात काही पडत नाही.

हाम्बुर्ग

उत्तरेकडे ‘इन दी पुशन कॉमन’. पुशन म्हणजे घरातल्या मऊ सपाता. कूर्मगतीने चालणाऱ्याला ‘हल आता’ या अर्थाने म्हणतात. दुसरं ‘बुटर बाय दी फिश’: मुद्द्यावर या. व्याकरणाने तिथे ‘बाय देन फिशन’ हवं, पण कुणी तसं म्हणत नाही. दुरुस्त करू नका आणि परीक्षेच्या उत्तरात ते व्याकरण नेऊही नका. दक्षिणेत दोन्ही कळतात, पण उत्तरेचे म्हणून ओळखू येतात.

मुंबई, जर्मन-मराठी भाषांतर

‘बाह्या सरसावणे’ थेट ठेवू नका. मराठीत बाह्या बहुधा भांडायला सरसावतात. जर्मन बाह्यांत भांडण नाही. ‘कंबर कसणे’ जवळचं. ‘पदर खोचणे’ छान आहे, पण पात्राला पदर असेल तरच.

‘जिश इन्स त्सॉइक लेगन’साठी मराठीत आयता जोडीदार आहे. त्सॉइक म्हणजे इथे ओढणाऱ्या जनावराचा साज, आणि आपण कामाला जुंपून घेतो. फक्त ‘जुंपलं’ लिहू नका, त्यात दुसऱ्याने जुंपल्याचा अर्थ येतो. जर्मनमध्ये माणूस आपणहून जोर लावतो, तेही सुरुवातीपुरता नव्हे.

अडलेलं उदाहरण: करोना लसीकरणाच्या वेळी जर्मन आरोग्य मंत्रालयाची मोहीम होती, ‘डॉइचलांट क्रेम्पल्ट दी एर्मल होख’. देश कामाला लागला आणि लशीसाठी बाहीही वर गेली. मराठीत कंबर कसली तर सुई टोचायची कुठे? अशा वेळी बाह्याच ठेवाव्यात, सरसावण्याऐवजी ‘बाह्या वर करा’ म्हणावं.

बाहीवरूनच होणारा घोटाळा: ‘आउस देम एर्मल श्युटल्न’ म्हणजे बाहीतून झटकून काढणे, विनासायास करून दाखवणे. अर्थ जवळजवळ उलटा. ‘दी हेंड इन देन शोस लेगन’ तर हात मांडीवर ठेवून बसणं.

नागपूर, बी-टूची (बी-वनच्या पुढची पातळी) तयारी करून घेणारा

मुंबईकरांशी सहमत, एक सोडून: शिकणाऱ्याने मराठी जोड्या पाठ करूच नयेत. कार्डाच्या एका बाजूला प्रसंग लिहा (‘माल उद्या जायचा आहे, अर्धं पॅकिंग बाकी’), मागे पूर्ण जर्मन वाक्य. सुटा वाक्प्रचार पाठ केला की तो वाक्यात शिरताना मोडतो.

शोधताना क्रियापदाने नको, नामाने शोधा: ‘एर्मल’. दूडेन या जर्मन कोशमालेचा अकरावा खंड वाक्प्रचारांचाच आहे. फुकट हवं तर डीडब्ल्यूडीएस हा ऑनलाइन कोश. तिथे वर्तमानपत्रांतली खरी वाक्यं मिळतात, त्यावरून सूर कळतो. कीबोर्डवर दोन टिंबांचा ‘अ’ नसेल तर ‘एई’ टाइप करतात.

लेखी परीक्षेत मत मांडायच्या उत्तरात एखादा वाक्प्रचार पुरे. औपचारिक तक्रारपत्रात एकही नको.

जाता जाता ‘नेगल मिट क्योप्फन माखन’: डोक्यासकट खिळे करणे, म्हणजे अर्धवट न सोडता काम पक्कं करणे. ‘मिट’नंतर चतुर्थीचं अनेकवचन, म्हणून ‘क्योप्फन’. शेवटचा ‘न’ सगळ्यात जास्त गळतो आणि तपासणारा नेमका तिथेच लाल पेन मारतो.