मदत हवी आहे: सॅन होजे शार्क्सच्या २०२४-२५ च्या हंगामात दुखापतींचा आणि वेळापत्रकाचा वाटा कसा मोजावा?

नमस्कार.

आमच्याकडे बे एरियात मराठी मंडळाचा एक छोटा अंक निघतो. त्यासाठी मी सॅन होजे शार्क्स या आईस हॉकीच्या संघावर लेख लिहीत आहे. येथे वाढलेल्या आपल्या मुलांपैकी अनेकांना या संघाचे वेड आहे, आणि २०१९ नंतर २०२५ पर्यंत संघ एकदाही प्लेऑफमध्ये, म्हणजे हंगामाअखेरच्या बाद फेरीत, पोहोचला नसला तरी त्यांची निष्ठा तसूभरही ढळलेली नाही. संघ हरतो तो कच्चा आहे म्हणून, खेळाडू जायबंदी झाले म्हणून, की वेळापत्रकाने दमवले म्हणून, असे ही मुले विचारतात. या तिन्हींचा वाटा वेगळा कसा काढावा, येथे माझे घोडे अडले आहे. खेळाची किंवा संख्याशास्त्राची जाण असलेल्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

ज्यांना या संघाची माहिती नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. जुलै २०२२ मध्ये माइक ग्रीअर सरव्यवस्थापक झाले आणि जुना संघ मोडून नवा उभारण्याचे काम सुरू झाले. फेब्रुवारी २०२३ मध्ये टिमो मायर न्यू जर्सीला, ऑगस्ट २०२३ मध्ये एरिक कार्लसन पिट्सबर्गला आणि मार्च २०२४ मध्ये टोमाश हर्टल व्हेगासला गेला. बदल्यात मुख्यतः तरुण खेळाडू आणि पुढील ड्राफ्टमधील (संघांनी क्रमाने नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक प्रक्रियेतील) निवडीचे हक्क मिळाले. २०२३-२४ मध्ये संघ ४७ गुणांसह तळाशी राहिला, त्यानंतर ड्राफ्टचा क्रम ठरवणाऱ्या सोडतीत पहिली निवड मिळाली आणि मॅकलिन सेलेब्रिनी संघात आला. तरीही २०२४-२५ मध्ये ८२ सामन्यांतून २० विजय, ५० पराभव आणि जादा वेळेतील किंवा शूटआउटमधील (बरोबरी मोडण्यासाठीच्या एकेका फटक्यांतील) १२ पराभव अशी कामगिरी होऊन संघ ५२ गुणांसह पुन्हा तळाशीच राहिला. एनएचएलमध्ये, म्हणजे हा संघ खेळतो त्या उत्तर अमेरिकेतील व्यावसायिक लीगमध्ये, विजयाला दोन गुण मिळतात आणि सामना जादा वेळेत गेल्यावर हरलात तरी एक गुण मिळतो, हे येथे लक्षात घ्यावे.

आता मुख्य अडचणीकडे येतो. १० ऑक्टोबर २०२४ रोजी सेंट लुईसविरुद्ध सेलेब्रिनीने पदार्पण केले आणि पहिल्याच सामन्यात एक गोल करून दुसऱ्या एका गोलाला साहाय्य केले. ४-१ अशी आघाडी असताना संघ तो सामना जादा वेळेत ५-४ असा हरला. त्याच सामन्यानंतर सेलेब्रिनी दुखापतीमुळे बाहेर गेला आणि पुढचे १२ सामने खेळू शकला नाही. आधीच दुबळा संघ, त्यात हा दुष्काळात तेरावा महिना. मात्र हिशेब मांडायला बसलो तेव्हा वेगळेच चित्र दिसले. त्या १२ सामन्यांत संघाने शक्य असलेल्या २४ पैकी ७ गुण मिळवले, म्हणजे २९ टक्के. तो खेळला त्या ७० सामन्यांत १४० पैकी ४५, म्हणजे ३२ टक्के. संघातील सर्वोत्तम खेळाडूच्या असण्या-नसण्याने अवघा तीन टक्क्यांचा फरक पडतो, हे प्रत्येक सामना पाहणाऱ्या माणसाला पटणे अशक्य आहे. मग आकड्यांत नेमके काय लपले आहे?

दुखापतींमुळे हुकलेल्या सामन्यांची बेरीज करावी, तर ती अधिकच दिशाभूल करते. कर्णधार लोगन कुतूर त्या हंगामात एकही सामना खेळला नाही. म्हणजे त्याचे ८२ सामने यादीत जमा होतात आणि सेलेब्रिनीचे फक्त १२. परंतु कुतूर नसणार हे गृहीत धरूनच संघ उभा केला होता. दुसरीकडे नवोदित विल स्मिथ ७४ सामने खेळला. उरलेल्यांपैकी काही सामन्यांत त्याला हंगामाच्या सुरुवातीला, लागोपाठ दोन रात्री सामने असताना, अंगात ताकद यावी म्हणून ठरवून बसवले होते. ही दुखापत नव्हे. वेळापत्रक पाहून घेतलेला तो निर्णय होता. त्याला कोणत्या रकान्यात टाकावे?

वेळापत्रकाबाबतही असाच गोंधळ आहे. लागोपाठच्या रात्री खेळणे कमकुवत संघाला झेपत नाही असे सर्वजण म्हणतात, पण हंगामातील पहिला विजय २८ ऑक्टोबरला यूटामध्ये जादा वेळेत मिळाला आणि दुसरा त्याच्याच पुढच्या रात्री, विमानाने घरी परतल्यावर, लॉस एंजेलिस किंग्जविरुद्ध. म्हणून वेळापत्रकाला दोष देताना आपण साप साप म्हणून भुई धोपटत नाही ना, याची मला खात्री करून घ्यायची आहे. सामन्याची तारीख, दोन्ही संघांना मिळालेली विश्रांती, घरचे की बाहेरचे मैदान आणि गोलरक्षक कोण, एवढी नोंद मी तक्त्यात केलेली आहे. पुढे काय करावे ते कृपया सांगावे.

— शार्कप्रेमी_कुपरटिनो

प्रतिसाद: फ्रीमाँटकर

आपल्या ७० सामन्यांमध्येच गोम आहे. ते ७० सामने एकाच संघाने खेळलेले नाहीत. डिसेंबर २०२४ मध्ये गोलरक्षक मॅकेन्झी ब्लॅकवूड कोलोरॅडोला गेला. १ फेब्रुवारी २०२५ रोजी मिकाएल ग्रानलुंड आणि कोडी सेसी डॅलसला गेले. मार्चमध्ये जेक वॉलमन, निको स्टर्म, ल्यूक कुनिन आणि फॅबियन झेटरलुंड हेही एकेक करून निघाले. म्हणजे सेलेब्रिनीविनाचे १२ सामने तुलनेने भरलेल्या संघाने खेळले, आणि सेलेब्रिनीसह असलेल्या सामन्यांपैकी शेवटचा मोठा तुकडा रिकाम्या होत गेलेल्या संघाने. आपण खेळाडूचा परिणाम मोजायला गेलात, पण व्यवस्थापनाच्या विक्रीने तो पुसून टाकला. निदान १ फेब्रुवारीपूर्वीचे आणि नंतरचे सामने वेगळे मांडा आणि १२ सामन्यांची तुलना फक्त पूर्वीच्या भागाशी करा. तरीही १२ हा आकडा लहानच आहे, त्यामुळे निष्कर्ष जपूनच काढावा लागेल.

गुणांऐवजी गोलफरक पाहावा, अशी माझी दुसरी सूचना आहे. दोन्हीकडचे पाच-पाच खेळाडू मैदानात असताना सेलेब्रिनीच्या पाळीत किती गोल झाले व किती स्वीकारले, आणि तो बाकावर असताना किती, हे काढले तर एकाच सामन्यात दोन्ही स्थितींची तुलना मिळते. प्रतिस्पर्धी, मैदान, थकवा हे सारे दोन्हीकडे सारखेच राहते. आपल्याला हवा असलेला फरक गुणतक्त्यापेक्षा तेथे लवकर दिसेल.

दुखापतींना वजन देताना अनेकजण पगार वापरतात. जास्त पगाराचा खेळाडू जायबंदी झाला की जास्त नुकसान, असा त्यामागचा तर्क आहे. स्थिरावलेल्या संघाला हा तर्क ठीक लागू पडतो, पण नव्याने उभ्या राहणाऱ्या संघाला तो उलटा लागतो. कुतूरचा करार वर्षाला ८० लाख डॉलरचा. सेलेब्रिनीचा मूळ पगार नवोदितांच्या करारामुळे १० लाखांच्याही आत. पगाराने मोजले तर हंगामातील सर्वांत मोठी हानी कुतूरची आणि सेलेब्रिनीची जवळजवळ शून्य, असे उत्तर येते. याहून टोकाचे उदाहरण सप्टेंबर २०२५ चे आहे: शार्क्सने माँट्रियलकडून गोलरक्षक केरी प्राइसचा करार घेतला. प्राइस एप्रिल २०२२ नंतर एकही सामना खेळलेला नाही आणि शार्क्सचा पोशाख त्याने कधीही घातलेला नाही, तरी २०२५-२६ च्या हंगामात त्याचे १ कोटी ५ लाख डॉलर या संघाच्या पगाराच्या हिशेबात धरले गेले. अशा यादीला दुखापतींची यादी म्हणणेच चुकीचे आहे.

पगाराऐवजी मैदानावरील मिनिटे घ्यावीत असे मला वाटते. खेळाडू धडधाकट असताना सामन्याला सरासरी किती मिनिटे खेळतो, त्याला हुकलेल्या सामन्यांनी गुणा. सेलेब्रिनी सामन्याला सुमारे २० मिनिटे खेळला. आधीच्या हंगामातही जो जेमतेम खेळला, अशा कुतूरसारख्या खेळाडूला सरळ वगळा. चौथ्या फळीतील खेळाडू बाहेर गेला तर बाराकुडा या दुय्यम संघातून, जो सॅन होजेतच खेळतो, दुसऱ्या दिवशी बदली खेळाडू येतो आणि फारसा फरक पडत नाही. पहिल्या फळीचा सेंटर (आक्रमणातील मधला खेळाडू) गेला तर त्याच्या जागी येणारा कुणीच नसतो. पुनर्बांधणीतील संघाला दुखापत नेमकी येथे बोचते.

प्रतिसाद: माँट्रियलस्थित वाचक

वरील विवेचन उत्तम आहे. माझ्या शहरातील संघाच्या अनुभवावरून त्यात एक अडचण जोडतो, कारण तिच्याकडे दुर्लक्ष केल्यास सगळा हिशेब उलटा होतो.

कनेडियन्स संघ २०२१ मध्ये स्टॅन्ली चषकाच्या, म्हणजे एनएचएल विजेतेपदाच्या, अंतिम फेरीत खेळला आणि त्याच्या पुढच्याच हंगामात ५५ गुणांसह शेवटच्या स्थानावर आला. २०२२-२३ मध्ये पुनर्बांधणी सुरू असताना दुखापतींचा कहर झाला. कोल कॉफील्डने ४६ सामन्यांत २६ गोल केले होते; जानेवारी २०२३ मध्ये खांद्याच्या शस्त्रक्रियेसाठी त्याचा हंगाम तेथेच थांबवला गेला. २०२२ च्या ड्राफ्टमधील पहिली निवड असलेला युराय स्लाफकोव्स्की गुडघ्याच्या दुखापतीमुळे ३९ सामन्यांवर थांबला. संघ प्लेऑफच्या शर्यतीत असता तर कॉफील्डने आणखी काही आठवडे तसेच रेटले असते की नाही, हा प्रश्न तेव्हा आमच्याकडे बराच चर्चिला गेला. शर्यतीबाहेर असलेला संघ खेळाडूला लवकर विश्रांती देतो आणि उशिरा परत आणतो, आणि तसे करणे योग्यच आहे, कारण वीस-बावीस वर्षांच्या मुलाचा खांदा पुढच्या दहा हंगामांसाठी जपायचा असतो.

म्हणून हुकलेले सामने हे केवळ पराभवाचे कारण नसतात, बऱ्याचदा ते पराभवाचा परिणामही असतात. आपण दोन आकड्यांचा संबंध काढलात आणि दुखापती जास्त तेथे गुण कमी असे दिसले, तर कोणामुळे कोण झाले हे त्यातून कळणार नाही. यावर एक उपाय सुचतो. संघ अजून शर्यतीत आहे असे समजले जाते त्या काळातील, म्हणजे साधारण पहिल्या दोन महिन्यांतील दुखापतीच मुख्य हिशेबात धराव्यात. सुदैवाने आपला सेलेब्रिनीचा प्रसंग पहिल्याच सामन्याचा आहे, त्यामुळे तो या दोषातून सुटतो.

प्रतिसाद: जुना गोलरक्षक

मी हौशी लीगमध्ये गोल सांभाळला आहे, त्यामुळे वेळापत्रकाच्या बाजूबद्दल लिहितो. लागोपाठच्या दोन रात्रींपैकी दुसऱ्या रात्री बहुतेक संघ दुसरा गोलरक्षक उतरवतात. त्यामुळे त्या रात्रीच्या पराभवात थकवा किती आणि दुय्यम गोलरक्षकाचा वाटा किती, हे मिसळून जाते. आपण गोलरक्षकाची नोंद केली आहे हे फार चांगले झाले. दुसऱ्या रात्रीचे सामने गोलरक्षकानुसार वेगळे करा. तसेच प्रतिस्पर्धीही आदल्या रात्री खेळलेला होता का, हे पाहिल्याशिवाय थकव्याबद्दल काहीच म्हणता येत नाही. आपला संघ दमलेला आणि समोरचा ताजातवाना, असेच सामने खरे कसोटीचे.

प्रवासाचा मुद्दा पश्चिमेकडील संघांबाबत वेगळाच आहे. न्यूयॉर्क, नेवार्क, फिलाडेल्फिया ही शहरे एकमेकांना इतकी खेटून आहेत की तेथील खेळाडू सामना संपवून रात्री स्वतःच्या घरी झोपू शकतात. सॅन होजेच्या गटात व्हँकुव्हर, एडमंटन, कॅलगरी येतात आणि पूर्वेच्या दौऱ्यात तीन तासांचा वेळेचा फरक पडतो. तेव्हा विश्रांतीच्या दिवसांबरोबर ओलांडलेले कालविभागही तक्त्यात घ्या.

मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट मात्र कोणत्याच तक्त्यात दिसत नाही, आणि ती म्हणजे सराव. सामने दाटीवाटीने आले की मधल्या दिवशी पूर्ण सराव होत नाही. प्रवास असतो, शिवाय करारानुसार खेळाडूंना महिन्यात ठरावीक पूर्ण सुट्ट्या द्याव्याच लागतात. मुरलेल्या संघाचे त्याने फार बिघडत नाही, कारण आपल्या क्षेत्रातून पक (हॉकीतील रबराची चकती) बाहेर कसा काढायचा, कोणी कोपऱ्यात जायचे आणि कोणी गोलासमोर थांबायचे हे त्यांच्या अंगवळणी पडलेले असते. एकोणीस-वीस वर्षांच्या खेळाडूंना हे सारे सरावातच शिकायचे असते. दोन सलग मोकळे दिवस मिळाल्यानंतरचा सामना आणि एक दिवसाआड खेळलेला सामना, यांत संघाने स्वीकारलेल्या गोलांची तुलना करून पाहावी. २०२५-२६ मध्ये तर ऑलिंपिकसाठी फेब्रुवारीत जवळपास तीन आठवडे सामन्यांना खंड असल्याने उरलेल्या महिन्यांत सामने आणखी दाटले, त्यामुळे हाच हिशेब त्या हंगामासाठीही करता येईल.

मूळ लेखकाचे उत्तर

सर्वांचे मनापासून आभार. १ फेब्रुवारीची सीमारेषा मी तातडीने तक्त्यात घालत आहे, आणि पगाराचा रकाना काढून मिनिटांचा रकाना घेत आहे. विल स्मिथच्या ठरवून दिलेल्या विश्रांतीला दुखापत किंवा थकवा यांपैकी कोठेही न टाकता "संगोपन" असा स्वतंत्र रकाना करावा, असे वरील चर्चेतून मनात आले. त्या सामन्यांत गुण गेले असतील तर ते संघाने जाणूनबुजून दिले, आणि मुलांना हे समजावून सांगणे मला लेखातील सर्वांत आवश्यक भाग वाटतो.

आता दोन गोष्टींवर मदत हवी आहे. खेळाडू मैदानावर असतानाचे आणि नसतानाचे गोल काढण्यासाठी नॅचरल स्टॅट ट्रिक या संकेतस्थळावरील आकडे वापरावेत असे वाटते. ते तारखेनुसार तुकडे पाडून उतरवून घेण्याचा कोणाला अनुभव असल्यास कृती सविस्तर लिहावी. दुसरे असे की, एका संघाचे ८२ सामने पुरेसे नाहीत हे मान्य आहे, म्हणून माँट्रियलचे २०२२-२३ आणि शार्क्सचे २०२३-२४ हे हंगाम जोडावेत का, की संघ, प्रशिक्षक आणि गोलरक्षक वेगळे असल्याने त्यातून नवीनच गोंधळ उभा राहील? अंकाच्या संपादकांनी मजकुरासाठी महिनाअखेरीची मुदत दिलेली आहे.