लॉनची हजामत

*ए-१०४ वहिनी:* सुप्रभात. गॅलरीतून खाली बघितलंत का कोणी? परवा कापलेलं लॉन आज पांढरट पडलंय, मधेमधे शेंड्या उभ्या आहेत. कात्रीने कापायचे तेव्हा बरं दिसायचं.

*सी-३०२:* न्हावी अर्धी हजामत टाकून चहाला गेल्यासारखं 😂

*सेक्रेटरी:* नोंद घेतली आहे. माळीबुवांना समज दिली जाईल.

*डी-५०३:* नवीन मशीन घ्या. मागच्या मीटिंगलाही बोललो होतो, मिनिट्समध्ये आलं नाही. असो.

*बी-२०१ ताई:* माळीबुवांना समज कशाबद्दल? महिनाभर सांगताहेत की मशीन थरथरतं, हाताला मुंग्या येतात. कोणी ऐकलं?

*अप्पा (बी-४०१):* खाली जाऊन एक पातं खुडून आणलं. टोक कापलेलं नाहीये, फाटलंय. सुतळीचं टोक उसवतं तसं. फाटलेलं टोक वाळतं आणि दोन दिवसांत पांढरं दिसायला लागतं. खत, पाणी, माळी कशाचाही संबंध नाही. ब्लेडची धार गेलीय.

*डी-५०३:* म्हणजे नवीन मशीनच घ्या.

*अप्पा (बी-४०१):* धार गेली म्हणून विळी फेकून देता का?

*खजिनदार:* धार मागच्याच महिन्यात मी स्वतः लावली आहे. रविवार घालवून. ग्राइंडरवर, अगदी वस्तऱ्यासारखी. कामं करायची आणि वर ऐकूनही घ्यायचं.

*अप्पा (बी-४०१):* तुमच्या कष्टांबद्दल आदर आहेच. फक्त एक सांगा, कड निळी पडली होती का?

*खजिनदार:* थोडी.

*अप्पा (बी-४०१):* मग पोलादाचं पाणी उतरलं तिथे. मऊ पडलेली कड, त्यात वस्तऱ्यासारखी पातळ. पहिल्या खड्यालाच दुमडली असणार. मूळ उतार धरून कानसच मारायची, बोटाला जाणवेल इतकीच धार. आणि दोन्ही बाजू सारख्याच घासल्या गेल्या का, ते बघायला ब्लेड मधल्या भोकातून खिळ्यावर आडवं अडकवायचं. जड बाजू खाली जाते. ते बघितलं नसेल तर माळीबुवांच्या मुंग्या तिथूनच.

*बी-१०२ काका:* ब्लेडचा विषय निघालाच आहे तर, माझा १७ नंबरचा पाना त्याच कामाला नेला होता. परत आलेला नाही.

*सी-३०२:* अप्पा, एकदा मुळापासून बारीक करून टाकू या ना. महिनाभर बघायला नको.

*अप्पा (बी-४०१):* अजिबात नाही. उंचीच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त एका वेळी कापायचं नाही. नाहीतर खालचे पिवळे देठ उघडे पडतात आणि पंधरा दिवस तेच बघत बसाल.

*डी-२०२:* पंप रूममध्ये जाऊन आले. प्लग काढून मग मशीन आडवं केलं, कोणी ओरडू नका. फोटो बघा. आतून ओल्या गवताचा लगदा, दोन बोटं जाड. आणि तीन चाकांचे उंचीचे लिव्हर ५ वर, एक ३ वर 🤦‍♀️

*सी-३०२:* म्हणून एका बाजूला टक्कल!

*अप्पा (बी-४०१):* शाब्बास. हा लगदा तर ब्लेडइतकाच नडतो. ब्लेड पंख्यासारखं वारा ओढतं, त्या वाऱ्याने गवत उभं राहतं आणि मग कापलं जातं. आत थर बसला की वारा फिरत नाही. गवत आडवं होऊन निसटतं आणि मशीन पुढे गेलं की परत उभं. त्याच वहिनींच्या शेंड्या. लाकडी पट्टीने खरवडा, आत पाणी मारू नका, इलेक्ट्रिक आहे ते.

*खजिनदार:* लिव्हरशी लहान मुलं खेळतात. पालकांनी लक्ष द्यावं.

*सी-१०१:* मुलांचं नाव घ्यायचं नाही. पंप रूमची किल्ली कोणाकडे असते?

*सेक्रेटरी:* कृपया वैयक्तिक टीका टाळावी 🙏

*बी-२०१ ताई:* ओलं गवत का कापतात, तेही विचारा. सकाळी सातला, दंव असताना. दुपारी आवाजाने झोपमोड होते म्हणून ठराव कोणी आणला होता?

*ए-१०४ वहिनी:* तेव्हा सगळ्यांनी हात वर केले होते, ताई. तुम्हीसुद्धा. मी फक्त लॉनबद्दल विचारलं, तर मीच गुन्हेगार.

*बी-१०२ काका:* १७ नंबरचा पाना. निळ्या मुठीचा.

*डी-५०३:* एवढ्या वेळात नवीन मशीन आलं असतं.

*अप्पा (बी-४०१):* त्यालाही हीच लांबलचक बारीक वायर लावाल. गेटजवळ पोचेपर्यंत व्होल्टेज पडतं, मोटर दमते, तिथलं गवत सगळ्यात वाईट आहे, बघून या. जाड वायर हवी. आणि प्रत्येक फेरी आधीच्या पट्ट्यावर चार बोटं चढवून मारायला सांगा, मधली रेघ राहणार नाही.

*सेक्रेटरी:* ठरलं तर. रविवारी ब्लेड काढून अप्पांच्या देखरेखीखाली कानस. कापणी दंव गेल्यावर, अकराला. ए-१०४, चालेल ना?

*ए-१०४ वहिनी:* माझ्या हो-नाहीने इथे काही होतं का?

*सी-३०२:* हो समजा 😄

*खजिनदार:* पाना माझ्या गाडीच्या डिकीत सापडला. वॉचमनकडे ठेवलाय. एवढा गाजावाजा करायची गरज नव्हती.

*बी-१०२ काका:* धन्यवाद. आणला. हा १९ चा आहे.