ओतीव गोळ्यांचं पावडर कोटिंग: चिमट्याने उभ्या करा, की जाळीत ओता?

डॅलसचा_दिगू

मंडळी, गेली चार वर्षं मी माझ्या नाइन एमएम पिस्तुलाच्या शिशाच्या गोळ्या गराजमध्ये स्वतःच ओततो. (इथे अमेरिकेत स्वतःपुरती काडतुसं भरायला फेडरल परवाना लागत नाही, विकायला लागतो. भारतातल्या वाचकांनी हा धागा वाचून सोडून द्यावा, का ते खाली कुणीतरी सांगेलच.) आधी मधमाशीचं मेण आणि अ‍ॅलॉक्सचं वंगण लावायचो. धूर तर इतका, की नेमबाजीच्या रेंजवर शेजारच्या लेनवाला खोकत माझ्याकडे बघायचा. म्हणून पावडर कोटिंगवर आलो.

नवख्यांसाठी थोडक्यात. शिशाच्या गोळ्या, चमचाभर पॉलिएस्टर पावडर (रंगाची, बंदुकीची दारू नव्हे) आणि मूठभर काळे एअरसॉफ्टचे छर्रे झाकणाच्या डब्यात घालून मिनिटभर खुळखुळवायचे. डब्याच्या तळाला त्रिकोणात ५ आकडा हवा, म्हणजे प्लास्टिक पॉलिप्रॉपिलीन. आमचा डबा श्रीखंडाचा आहे, चार वर्षांत त्याच्याइतकं इमानदार हत्यार गराजमध्ये दुसरं नाही. घासल्याने स्थिर वीज तयार होते आणि पावडर गोळीला धरते. मग टोस्टर ओव्हनमध्ये ४०० फॅरनहाइटला, म्हणजे साधारण २०० सेल्सिअसला, वीस मिनिटं. थर पक्का बसला की शिसं नळीला घासतच नाही.

आता वादाचा मुद्दा. बहुतेक जाणकार सांगतात, प्रत्येक गोळी चिमट्याने उचला, नॉन-स्टिक फॉइलवर अर्ध्या इंचावर उभी करा. वर्षभर केलं. दोनशे गोळ्या म्हणजे ठिपक्यांची रांगोळी, आणि शेवटच्या ओळीत हात लागला की डॉमिनोसारखी अख्खी रांग आडवी! शनिवारची सकाळ त्यातच जायची. हल्ली पाव इंची जाळीचं तबक वाकवून केलंय. गोळ्या त्यात ओततो, हलवून जास्तीची पावडर झटकतो, सगळा ढीग तसाच भाजतो. बाहेर काढून गरम असतानाच तबक आपटलं की टकटक सुट्या होतात. माझं मत स्पष्ट आहे: पंचवीस यार्डांवर पिस्तूल मारणाऱ्याने गोळ्या उभ्या करत बसणं म्हणजे निव्वळ सोपस्कार.

मिलिमीटर_मोरे

जोरदार असहमत. तीस वर्षं लेथवर काढली आहेत, त्यामुळे "चालतंय की" हे वाक्य ऐकलं की कानात किर्र होतं.

गोळीचं सुकाणू तिच्या बुडाला असतं, टोकाला नाही. नळीतून बाहेर पडताना शेवटी सुटतो तो बूड, आणि मागचा वायू त्यालाच ढकलत असतो. बूड एका बाजूला दुखावलेला असेल तर वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळी डुलायला लागते. टोकाला थोडा पोचा आला तर इतकं बिघडत नाही.

तुमच्यासारखं तबक मीही करून पाहिलंय. भिंगाखाली धरा एकदा. दोन गोळ्या जिथे चिकटल्या होत्या तिथे एकीवर मसुराएवढा उघडा डाग, शिसं चमकतंय, आणि दुसरीवर त्याच आकाराचा पापुद्रा उभा. जाळीच्या तारेची खूण वेगळी. असे डाग बुडाच्या कडेवर आले की संपलं. फॉइलवर उभ्या केलेल्या गोळीचा बूड आरशासारखा निघतो.

डॅलसचा_दिगू

आरसा निघतो, पण त्याच्याभोवती झालर पण निघते, ते का नाही सांगितलंत? पावडर वितळून खाली ओघळते आणि बुडाशी ऑम्लेटच्या कडेसारखी पसरते. ती काय समान असते? अर्धी तुटते, अर्धी राहते.

मिलिमीटर_मोरे

झालर येते, मान्य. पण ती आली म्हणजे पावडर जास्त झाली. फॉइलवर ठेवण्याआधी चिमटा डब्याच्या काठावर हलकेच ठोका, जास्तीची गळून जाते. उरलेली सायझरमधून, म्हणजे गोळीला नेमक्या मापात दाबणाऱ्या साच्यातून, काढताना कापली जाते. थराने व्यास दोन-तीन थाऊ (इंचाचा हजारावा भाग) वाढतो, म्हणून ०.३५६ इंचाच्या सायझरमधून गोळी तशीही काढावीच लागते. तिथे झालर साफ निघते. तुमचा पापुद्रा मात्र सायझर दाबून टाकतो, काढत नाही.

सिनसिनाटीची_सुगरण

माझा बंदुकीशी संबंध एवढाच, की नवरा हे उद्योग करतो. पण भाजायचा पृष्ठभाग हा माझा प्रांत आहे, म्हणून बोलते.

साधी फॉइल वापरू नका. पावडर तिला घट्ट धरते, गोळी उचलली की बुडाला चंदेरी ठिगळ राहतं, ते नखानेही निघत नाही. नॉन-स्टिक फॉइलची एकच बाजू लेपाची असते, बहुधा मंद दिसणारी. आमच्याकडे पहिल्या वेळी चकचकीत बाजू वर ठेवली आणि एक अख्खा घाणा फुकट गेला. कागद घ्यायचा तर सिलिकॉन लावलेला पार्चमेंट. आपल्याकडे सगळ्यालाच बटर पेपर म्हणतात, त्यातून घोळ होतो. मेणकागद चुकून गेला तर मेण वितळून धूर होईल. पार्चमेंटही ४२५ फॅरनहाइटच्या आसपासचाच असतो, कड तांबूस झाली की बदला.

मला विचाराल तर सिलिकॉनची चटई. गोळी सपाट उभी राहते, काही चिकटत नाही, शंभरदा वापरता येते. फक्त एकदा गराजमध्ये गेलेली चटई स्वयंपाकघरात परत येत नाही. आमच्या घरी यावरून एक रविवार फार वाईट गेला होता. माझी नानकटाईची चटई होती ती.

दिवाभीत

जाळी गॅल्व्हनाइज्ड असते ना? तापली की जस्ताची विषारी वाफ येते असं ऐकलंय. दिगूभाऊ जरा सांभाळून.

थर्मोकपल_ठाकूर

जस्त वितळतं ४१९ सेल्सिअसला, उकळतं ९०० च्या पुढे. २०० ला त्याला झोपेतून जागही येत नाही. तो त्रास वेल्डिंगवाल्यांचा. जस्ताची भीती बाळगायचीच तर ती ओतायच्या भांड्यात: गाडीच्या चाकांचा तोल साधायला लावतात ती जुनी वजनं गोळा करता ना, त्यात हल्ली जस्ताची बरीच मिसळलेली असतात. भांडं जास्त तापवलं तर ती विरघळतात, रस लापशीसारखा होतो आणि साचा नीट भरत नाही.

बाकी दिगू आणि मोरेसाहेब, तुम्ही दोघं चुकीच्या टोकाला भांडताय. फॉइल की जाळी हा दुय्यम प्रश्न आहे. ओव्हन आतून किती तापलाय हे तुमच्यापैकी कुणी मोजलंय का?

मी एका गोळीला भोक पाडून त्यात थर्मोकपल (तापमान मोजायची तार) बसवला. डायल ४०० फॅरनहाइटवर. आतला आकडा ३६० वरून ४४० वर आणि परत, झोपाळ्यासारखा. स्वस्त ओव्हनचा थर्मोस्टॅट असाच असतो. ३६० वर वीस मिनिटं काढलीत तर थर दिसायला छान, पण कच्चा. आणि वरच्या टोकाला दुसरंच संकट. शिशात कथील आणि अँटिमनी असेल तर मिश्रण २४० सेल्सिअसच्या आसपासच मऊ पडायला लागतं, शुद्ध शिशासारखं ३२७ पर्यंत थांबत नाही. वरच्या कॉइलजवळ ठेवलेल्या माझ्या अकरा गोळ्या उकड पातळ झालेल्या मोदकासारख्या बसल्या. कळ्या गेल्या, बूड पसरला.

दिगू, हा हिशोब खास तुझ्या ढिगाला: सव्वाशे ग्रेनच्या (म्हणजे आठेक ग्रॅमच्या) दोनशे गोळ्या म्हणजे दीड किलोच्या वर शिसं. कडेच्या गोळ्या सात-आठ मिनिटांत तापतात, मधल्या कधी? वीस मिनिटं मोजायची ती मधली गोळी तापल्यापासून, दार बंद केल्यापासून नाही.

डॅलसचा_दिगू

हे मात्र लागलं. मी दार बंद केल्यापासूनच मोजत होतो. काल ढिगाच्या पोटातली एक गोळी काढून हातोडीने चपटी केली. थर चिरला आणि एका बाजूने सुटला. कडेची चपटी केली, थर शिशाबरोबर पसरला, सुटला नाही. अ‍ॅसिटोन लावून पुसलं तर मधलीचा लाल रंग कापसावर आला. म्हणजे गेल्या महिन्यातल्या अर्ध्या गोळ्या कच्च्या.

तरीही जाळी सोडत नाही. ढीग नको, एकच थर पसरेन.

मिलिमीटर_मोरे

एकच थर पसरायचाच आहे, मग उभ्या करायला काय होतं?

निवृत्त_नेमबाज, पुणे

दिगूंनी वर सूचना केलीच आहे, कलम मी सांगतो. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यात दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रंही येतात, आणि परवान्याविना बनवायला कलम ५ ने मनाई आहे. रायफलचा परवाना आहे म्हणून गोळ्या ओतायची मुभा मिळते असं नाही. तेव्हा हौसेने साचे मागवू नका.

अवांतर: शिसं, अँटिमनी, कथील हे त्रिकूट वाचून छापखाना आठवला. आमच्या मामांच्या प्रेसमधले खिळे, म्हणजे छपाईची अक्षरं, याच धातूचे. झिजलेले खिळे बादलीत जमायचे आणि फाउंड्रीत वितळायला जायचे. अमेरिकेत लायनोटाइप या छपाईयंत्राची धातू म्हणजे ८४ भाग शिसं, १२ अँटिमनी, ४ कथील. गोळ्या ओतणारे ती सोन्यासारखी जपतात म्हणे. आम्ही लहानपणी त्या बादलीतले "ळ" शोधून खिशात घालायचो, आणि आई बोटं घासून धुवायला लावायची. का ते तिलाही तेव्हा माहीत नसावं.

नेवार्कची_नमू

आईला बरोबर कळत होतं! मी लॅबमध्ये काम करते. लहान मुलाच्या रक्तात डेसिलिटरला साडेतीन मायक्रोग्रॅम शिसं आढळलं तरी इथे ते लक्ष देण्याजोगं धरतात. पूर्वी हा आकडा पाच होता, २०२१ मध्ये खाली आणला. कोटिंग केलं म्हणून निर्धास्त होऊ नका. थर गोळीवर बसतो, तुमच्या हातावर, बाहीवर, भांड्यावरून काढलेल्या मळीवर बसत नाही. सगळ्यात वाईट ती मळीची धूळ. शिवाय बंद रेंजमधलं बरंचसं शिसं प्रायमरच्या (काडतुसाच्या बुडातल्या ठिणगीच्या टोपीच्या) धुरातून येतं, त्याला तुमचं पॉलिएस्टर काय करणार? दिगूदादा, मुलं गराजमध्ये सायकली ठेवायला येतात का?

डॅलसचा_दिगू

येतात. ओव्हन आणि भांडं आता मागच्या शेडमध्ये हलवतोय. बायकोने तुमचा प्रतिसाद माझ्याआधी वाचला.

फ्रेज्नोचा_फत्तेसिंग

कॅलिफोर्नियातल्या शिकारीवाल्यांसाठी: इथे १ जुलै २०१९ पासून शिकारीला शिशाची गोळी सर्रास बंद. वर लाल-निळा थर दिला तरी आत शिसंच, सूट नाही. रेंजवर काय वापरायचं ते रेंजवाल्याला विचारा.

डॅलसचा_दिगू

निकाल आणलाय. एकाच दिवशी ओतलेल्या गोळ्या, एकच पावडर, ओव्हनमध्ये थर्मोमीटर. निम्म्या जाळीत एका थरात, निम्म्या सुगरणताईंच्या सल्ल्याने सिलिकॉनवर उभ्या. वाळूच्या पिशवीवर हात टेकवून दोन्हींच्या पाच-पाचच्या दोन फैरी. पंचवीस यार्डांवर मला फरक दिसला नाही, दोन्हीकडे तळहाताएवढं. पन्नासवर जाळीवाल्यांतली एक पार कागदाच्या कोपऱ्यात गेली.

मिलिमीटर_मोरे

पापुद्रा!

डॅलसचा_दिगू

किंवा माझं बोट. शेजारच्याने त्याच क्षणी .४४ मॅग्नम उडवली.

थर्मोकपल_ठाकूर

दहा-दहा गोळ्यांवर काही ठरत नाही. पन्नास-पन्नास उडवा, आणि या वेळी मोरेसाहेबांना सांगू नका कुठली कशात भाजली ते. तुम्हीही बघू नका, वहिनींना भरून द्यायला सांगा.

डॅलसचा_दिगू

वहिनी म्हणतात शेडमध्ये पाय ठेवणार नाही. मुलाच्या मित्राचे वडील तयार झालेत. पन्नास उभ्या करायला चिमटा शोधतोय, पहिला चटईखाली वितळलेल्या पावडरमध्ये चिकटून बसलाय.

दिवाभीत

एक शंका. आम्रखंडाच्या डब्यालाही तळाला ५ असतो का? घरी तोच रिकामा आहे.