टाळायच्या औषधांची यादी

‘एकाच आजाराच्या रुग्णांच्या ग्रुपवर रुग्णच रुग्णांना औषधं सांगतात, ते धोक्याचं,’ असं काही जण म्हणतात. डोस बदलण्यापुरतं ते मला पूर्ण मान्य आहे. पण कोणतं औषध टाळायचं, हेही तिथेच कळतं. आमच्या खानापूरच्या वहिनींना मायस्थेनिया ग्रॅव्हिस, म्हणजे स्नायू लवकर थकून अशक्त होण्याचा आजार आहे. या आजारात सिप्रोफ्लॉक्सासिन, जेंटामायसिनसारख्या अँटिबायोटिक्सनी स्नायूंचा अशक्तपणा एकदम वाढू शकतो, अगदी श्वासालाही त्रास होऊ शकतो. कोल्हापूरच्या एका ताईंनी ग्रुपवर हे सांगितलं आणि न्यूरोलॉजिस्टकडून यादीच लिहून घ्यायला लावली. पुढे लघवीच्या इन्फेक्शनसाठी गावातल्या डॉक्टरांनी सिप्रो लिहिली, यादी बघून लगेच बदलली. असा रुग्ण त्यांना क्वचितच दिसतो, त्यांना दोष नाही.

कर्नाटकातल्या निपाणी-चिकोडीकडच्यांनी यादीवर आजाराचं नाव कन्नडमध्येही लिहावं. ॲम्ब्युलन्सवाल्यांना पटकन वाचता येतं.