पुण्यात फ्लॅट नाही म्हणून स्थळं परत जातायत. घ्यावा का?

उदगीरकर_वाकड
नमस्कार मंडळी. मूळचा उदगीरचा, सध्या वाकडला टू बीएचकेत भाड्याने. भाडं 26 हजार, हातात येतात 95. गावाकडे स्वतःचं घर आहे, चार एकर सोयाबीन-तूर आहे, पण लग्नाच्या बाजारात त्याला कुणी विचारत नाही. परवा एका मुलीच्या मामांचा फोन आला. पहिलाच प्रश्न, "पुण्यात स्वतःचं आहे का?" नाही म्हटल्यावर, "बरं, कळवतो." मामा स्वतः कोथरूडला भाड्याने राहतात म्हणे!

शेजारच्या प्रोजेक्टमध्ये 80 लाखांना फ्लॅट आहे, ताबा दोन वर्षांनी. बाबा म्हणतात, एक एकर काढू. मला जमीन विकायची नाही. तुम्ही काय केलं असतं?

निवृत्त_बँकवाला
आधी रोख रक्कम मोजा. एवढ्या कर्जात बँक किमतीच्या 80 टक्क्यांच्या वर जात नाही, म्हणजे 64 लाख. उरलेले 16 तुमचे. वर स्टॅम्प ड्युटी 7 टक्के, म्हणजे 5 लाख 60 हजार. नोंदणी 30 हजार. बांधकाम चालू आहे म्हणून जीएसटी 5 टक्के, चार लाख. स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणीचा खर्च बँक घराच्या किमतीत धरत नाही. एकूण 26 लाखांना दहा हजार कमी. पगार बरा असूनही पोरं अडतात ती इथे. ज्यांच्या आईवडिलांनी शहरात वेळेवर घर घेतलं त्यांना हे 26 लाख उभेच करावे लागत नाहीत.

साडेआठ टक्क्यांनी 20 वर्षांचा हप्ता साडेपंचावन्न हजारांच्या आसपास बसेल. नवीन कर पद्धत घेतली असेल तर राहत्या घराच्या व्याजाची वजावट विसरा. आणि ताब्याची तारीख महारेराच्या, म्हणजे बिल्डरांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी प्राधिकरणाच्या साइटवर बघा, सेल्स ऑफिसातला मुलगा सांगेल ती नको.

एकटीच_बरी
काका, हिशेब बरोबर, पण हिशेबाने घर कोण घेतं? मी वन बीएचके घेतला तो एजंटांच्या प्रश्नांना कंटाळून. फॅमिली आहे का, नॉनव्हेज खाता का, आडनाव काय. एका मालकीणबाई तर रात्री दहानंतर मी किती वाजता आले ते वॉचमनच्या वहीत लिहून घ्यायच्या. माझ्या मुसलमान मैत्रिणीला नाव ऐकूनच "फ्लॅट गेला" सांगायचे, आणि जाहिरात महिनाभर तशीच असायची.

एक फायदा मात्र झाला. खरेदीदार फक्त बाई असेल तर स्टॅम्प ड्युटी 1 टक्का कमी लागते. नवऱ्याचं नाव जोडलंत की सवलत गेली.

स्टुटगार्टहून
जर्मनीत निम्म्याहून कमी कुटुंबं स्वतःच्या घरात राहतात, आणि त्यावरून कुणाचं लग्न अडल्याचं मी ऐकलं नाही. इथल्या करारावर सहसा शेवटची तारीखच नसते. मालकाला स्वतःला राहायला यायचं असलं तरी किमान तीन महिन्यांची नोटीस, आणि तुम्हाला आठ वर्षं झाली असतील तर नऊ महिन्यांची. स्वयंपाकघर मात्र पुष्कळदा रिकामं मिळतं, ओटा-सिंक सगळं आपण आणायचं. सासूबाई आल्या तेव्हा त्या नव्या ओट्याकडे बघून म्हणाल्या, "एवढा खर्च, तोही भाड्याच्या घरात?"

गिरगावकर
ताई, भाडेकरूला संरक्षण आमच्याकडेही होतं. 1947 च्या कायद्याने मुंबईतली भाडी गोठली. आमच्या चाळीतल्या खोलीचं महिन्याचं भाडं चौघांच्या चहा-खारीत फिटायचं. मालकाने डागडुजी सोडली, जिना टेकूवर आला. आणि एकदा दिलेली जागा परत मिळत नाही ही धास्ती घरमालकांत बसली ती बसलीच. हे 11 महिन्यांचे लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी, त्यातूनच फोफावले. पगडीची, म्हणजे एकरकमी पैसे मोजून नाममात्र भाड्याने घेतलेली खोली आपली म्हणावी तर नाही, भाड्याची म्हणावी तर नाही. त्यात आमच्या दोन पिढ्यांची लग्नं मात्र झाली.

उदगीरकर_वाकड
सगळ्यांचे आभार. 26 लाखांचा आकडा बाबांना सांगितला. ते म्हणाले, मग दीड एकर काढू. सध्या त्यांना थोपवून धरलंय. म्हाडाच्या पुणे मंडळाच्या सोडतीत इथे कुणाला घर लागलंय का? कागदपत्रं कोणती लागली, तेवढं सांगा.