आईचा थायलंडचा मुक्काम वाढवायचाय, लाओस बॉर्डरला नेऊन आणू का?

स्वरा_बँकॉक
नमस्कार मंडळी, बाळ झोपलंय तेवढ्यात घाईत लिहितेय. माझ्या बाळंतपणाला आई २० ऑगस्ट २०२५ ला बँकॉकला आली, वेगळा विसा काढला नव्हता, भारतीय पासपोर्टवर तेव्हा ६० दिवस मिळत होते त्यावरच आली, शिक्क्यावर तारीख १८ ऑक्टोबर. बाळ आलं २५ सप्टेंबरला, डॉक्टरांनी सांगितलेल्या तारखेच्या दहा दिवस नंतर, त्यामुळे सगळं गणित पुढे गेलं. सव्वा महिना होईपर्यंत तरी ती हवीय मला, १० नोव्हेंबरचं तिकीट मिळतंय. ह्यांच्या ऑफिसातले म्हणतात सीमेवरच्या नोंग खाईला न्या, पूल ओलांडून लाओसला जा आणि परत या, नवीन ६० दिवस मिळतात. पण आई ६३ ची, गुडघे दुखतात, आणि मी काही सोबत जाऊ शकत नाही, हेच घेऊन जातील. कुणी केलंय का हे? आईला झेपेल का?

रानवारा
मी दोनदा केलंय त्याच पुलावरून. बँकॉकहून रात्रीची ट्रेन, सकाळी नोंग खाई, तिथून नाक्यावर. आधी थायलंडचा बाहेर पडल्याचा शिक्का, मग बस, कारण पूल चालत ओलांडू देत नाहीत, पलीकडे लाओसचा विसा ऑन अरायव्हल. त्याला फोटो आणि डॉलर लागतात, नोटा कोऱ्या घ्या, चुरगळलेल्या किंवा फाटक्या परत करतात. हा विसा पासपोर्टचं अख्खं पान खातो, तेव्हा कोरी पानं आधी मोजा. आणि परत येताना हेच सगळं उलट्या क्रमाने.
त्रास अंतराचा नाही, रांगांचा आहे. माझ्या पुढे एक आजी होत्या, बसायला काही नाही म्हणून बॅग आडवी करून तिच्यावर टेकल्या, रांग दोन पावलं सरकली की उठायचं, बॅग ओढायची, परत टेकायचं. गुडघे दुखणाऱ्या बाईला मी तरी नेणार नाही.
शिवाय जमिनीवरून असं विसाशिवाय एका कॅलेंडर वर्षात दोनदाच आत घेतात, आणि तेही खिडकीतल्या साहेबाच्या हातात. परतीचं तिकीट, जवळचे पैसे विचारू शकतो.

नीलिमा_मावशी
अगं स्वरा, आधी बाळाचं अभिनंदन! आता ऐक, आईला कुठेही नेऊ नकोस. ६० दिवसांवर आणखी ३० दिवस इथल्या इमिग्रेशन ऑफिसातच वाढवून मिळतात, १९०० बाट फी. बँकॉकचं ऑफिस चेंग वत्थनाला, सरकारी संकुलात. मुदतवाढीचा टीएम ७ फॉर्म, एक फोटो, पासपोर्टच्या पानांच्या झेरॉक्स. वाढीव ३० दिवस जुन्या तारखेच्या पुढे मोजतात, म्हणजे १७ नोव्हेंबरपर्यंत, लवकर गेलीस म्हणून दिवस वाया जात नाहीत.
पण तारखा बघितल्यास का? १८ ऑक्टोबरला शनिवार आहे, ऑफिस बंद, आणि १३ ला सोमवारी इथे सार्वजनिक सुट्टी. तेव्हा याच आठवड्यात उरकून टाका.
आणि टीएम ३० विसरू नकोस, परदेशी पाहुणा घरात राहतोय ही नोंद घरमालकाने २४ तासांत करायची असते. माझ्या सासूबाईंच्या वेळी मालकाने ती केलीच नव्हती, आम्हाला खिडकीवरून परत पाठवलं, दुसऱ्या दिवशी पुन्हा सगळी वरात. आजच मालकाला विचार.

प्रवासी_मन
मावशींशी सहमत. फक्त "राहू दे चार दिवस जास्त, विमानतळावर दंड भरू" असं कुणी सुचवलं तर ऐकू नका, दिवसाला ५०० बाट लागतात आणि पासपोर्टवर नोंद राहते ती वेगळीच. पुढे कधी जमिनीवरून जायचंच झालं तर मलेशिया सोपं, आपल्याला डिसेंबर २०२३ पासून ३० दिवस विसा लागत नाही, आणि सीमेवरच्या पादांग बेसारला दोन्ही देशांचं इमिग्रेशन एकाच रेल्वे स्टेशनात आहे. मलेशियाचं डिजिटल अरायव्हल कार्ड (प्रवेशाचा ऑनलाइन फॉर्म) जायच्या आधीच भरा आणि परत येताना थायलंडचंही, ते १ मे २०२५ पासून जमिनीवरून येणाऱ्यांनाही सक्तीचं आहे. दोन्ही फुकट आहेत, पैसे मागणाऱ्या साइटवर जाऊ नका. कंबोडियाचा विचार करू नका, जुलै २०२५ मध्ये थायलंड-कंबोडिया लढाई झाली तेव्हा ती नाकी बंद झाली.

स्वरा_बँकॉक
मावशी, तुम्ही म्हणालात ते खरं निघालं, मालकाने नोंद केलीच नव्हती! ह्यांनी लगेच फोन केला, संध्याकाळी त्याने लाइन ॲपवर पावती पाठवली. गुरुवारी हे आणि आई सकाळीच गेले, दुपारपर्यंत काम झालं, शिक्का १७ नोव्हेंबरचा. आईला बसायला खुर्ची मिळाली, हे तिने घरी आल्या आल्या सांगितलं. १० तारखेचं तिकीट आत्ताच काढलं, आणि बाळाची पहिली दिवाळी आजीसोबत होणार.