एच११० वरून अपग्रेड: जुनी डीडीआर४ रॅम ठेवून कोणता बोर्ड आणि प्रोसेसर घ्यावा?

कृष्णाकाठ_एडिट:
सध्याचं मशीन: आय५-७४००, एच११० बोर्ड, डीडीआर४-२४०० च्या ८ जीबीच्या दोन स्टिक, जीटीएक्स १०५० टीआय, २४० जीबी साटा एसएसडी, १ टीबी हार्ड डिस्क, ४५० वॅटचा एसएमपीएस (पॉवर सप्लाय).

काम लग्नाच्या व्हिडिओंचं, प्रीमियर प्रोमध्ये. नव्या कॅमेऱ्याचं फुटेज एच.२६५, १०-बिट ४:२:२ (४:२:० पेक्षा रंगाची जास्त माहिती असलेलं) येतं आणि टाइमलाइनवर जागच्या जागी अडकतं. शिवाय विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि हा प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत नाही. दुकानदार म्हणतो, एच६१० बोर्ड आणि आय५-१२४००एफ घ्या, ग्राफिक्स कार्ड आहेच. ठीक राहील का? की याच बोर्डवर ८ व्या पिढीचा प्रोसेसर बसेल?

टाइमलाइन:
८ व्या पिढीचं विसरा. सॉकेटचं नाव तेच, एलजीए ११५१, पण इंटेलने पिनांची जोडणी बदलली. त्याला ३०० मालिकेचाच चिपसेट (बोर्डवरची मुख्य नियंत्रक चिप) लागतो.

आणि एफ अजिबात घेऊ नका. एफ म्हणजे आतलं ग्राफिक्स बंद, आणि तुमच्या फुटेजला नेमकं तेच हवंय. १०५० टीआय एच.२६५ चं १०-बिट ४:२:० हार्डवेअरवर उलगडतं, ४:२:२ नाही. एनव्हिडियाच्या कार्डांत ही सोय ५० मालिकेपासून आली. त्यामुळे आज सगळा भार तुमच्या चार कोअरवर पडतो. साध्या आय५-१२४०० मध्ये यूएचडी ७३० हे आतलं ग्राफिक्स आहे आणि त्याचं क्विक सिंक (व्हिडिओ हार्डवेअरवर हाताळायची इंटेलची सोय) ४:२:२ उलगडतं. एफ घेऊन वाचलेले पैसे प्रत्येक लग्नाच्या एडिटिंगला वेळेच्या रूपात परत द्यावे लागतील.

एक गोष्ट बऱ्याच जणांकडून राहून जाते. वेगळं कार्ड लावलं की बरेच बोर्ड आतलं ग्राफिक्स आपोआप बंद करतात. बायोसमध्ये (बोर्डच्या स्वतःच्या सेटिंगमध्ये) 'आयजीपीयू मल्टि-मॉनिटर' चालू करा, विंडोजमध्ये इंटेलचा ड्रायव्हर टाका, मग प्रीमियरच्या प्रेफरन्सेसमध्ये 'मीडिया'त हार्डवेअर डिकोडिंगखाली इंटेलवर टिक आहे ना ते बघा. मॉनिटरची केबल १०५० टीआयलाच राहू द्या.

चिपसेटवाला:
प्रोसेसरबद्दल सहमत. बोर्ड मात्र बी७६० किंवा बी६६० घ्या, डीडीआर४ वाला, चार रॅम स्लॉटचा.

एच६१० वर रॅमचे स्लॉट दोनच. ३२ जीबी करायची वेळ आली की जुन्या दोन्ही स्टिक काढून ठेवाव्या लागतील. चार स्लॉट असतील तर ८ च्या आणखी दोन लावून भागतं. दुसरं, एच६१० मध्ये प्रोसेसरला थेट जोडलेला एम.२ स्लॉट नसतो, त्यात बसणारी एनव्हीएमई (वेगवान एसएसडी) चिपसेटमधून पीसीआयई ३.० च्या वेगाने चालते. तिसरं, १२४०० टर्बोत ११७ वॅटपर्यंत ओढतो. स्वस्त एच६१० वर प्रोसेसरशेजारच्या व्हीआरएमला (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागाला) हीटसिंकही नसतो. तासाभराच्या एक्सपोर्टला, तेही एप्रिल-मेच्या लग्नसराईत, व्हीआरएम तापला की प्रोसेसरचा वेग खाली येतो.

खरेदी करताना खोक्यावरचं नाव पूर्ण वाचा. 'बी७६०एम डीएस३एच डीडीआर४' आणि नुसता 'बी७६०एम डीएस३एच' हे दोन वेगळे बोर्ड आहेत. दुसऱ्यात तुमची रॅम बसणारच नाही, खाच वेगळ्या जागी असते. असुसमध्ये शेवटी 'डी४' लिहिलेलं असतं.

नव्या स्टिक ३२०० च्या आणल्या तरी सगळ्या २४०० लाच चालतील, जुन्या मिसळल्यावर तसंच होतं. सध्याच्या दोन स्टिक प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये लावा.

पाचवा_गिअर:
एएमडीचा एएम५ सॉकेट का नको? रायझन ७६०० आणि बी६५० घेतला तर पुढे त्याच बोर्डवर नवा प्रोसेसर बसवता येईल. १२४०० चा सॉकेट एलजीए १७००, त्याचा रस्ता १४ व्या पिढीला संपला.

चिपसेटवाला:
मुद्दा बरोबर आहे, नवं मशीन उभं करणाऱ्याला मीही एएम५ च सुचवीन. पण एएम५ वर फक्त डीडीआर५ चालते, म्हणजे १६ जीबी रॅम वाया. रॅमचे भाव चढलेले असताना हातची टाकू नये. शिवाय ७६०० च्या आतलं ग्राफिक्स ४:२:२ उलगडत नाही, म्हणजे मूळ दुखणं तसंच.

कृष्णाकाठ_एडिट:
१२४०० आणि बी७६० डीडीआर४ नक्की. एसएमपीएस आणि जुना कूलर चालेल ना?

सोल्डरगन:
जुना कूलर नाही. ११५१ ची भोकं ७५ मिमीवर, १७०० ची ७८ वर. खोक्यासोबत येणारा इंटेलचा कूलर ६५ वॅटच्या प्रोसेसरला पुरतो, पेस्ट लावलेलीच असते. पिना समोरासमोरच्या जोडीने दाबा, चारही 'टक' वाजल्या पाहिजेत. बोर्डच्या मागून बघितलं तर काळी पिन पांढऱ्या पायांच्या मधोमध पूर्ण बाहेर आलेली दिसते. एक जरी अर्धवट राहिली तरी तापमान झपाट्याने चढतं.

४५० वॅट चांगल्या कंपनीचे असतील तर पुरेत. १२४०० चे ११७, कार्डाचे ७५, बाकी किरकोळ. प्रोसेसरची वायर ४+४ पिनची आहे का ते बघा. कार्डाची ६+२ ची वायर तिथे कधीही जबरदस्तीने लावू नका. दिसायला सारखी असली तरी तिच्यात १२ व्होल्ट आणि अर्थ उलट्या बाजूंना असतात, सरळ शॉर्ट होतं.

जुना एच११० बोर्ड बहुधा अरुंद असेल. नवा २४४ × २४४ मिमीचा असेल, तर कॅबिनेटमधले पितळी स्टड त्याच्या भोकांप्रमाणे हलवा. भोक नाही तिथे एखादा स्टड राहिला तर बोर्डला मागून टेकतो आणि डिस्प्ले येत नाही.

कृष्णाकाठ_एडिट:
विंडोज ११ साठी एसएसडीची मांडणी जीपीटी हवी, माझी जुनी एमबीआर आहे. ती बदलणाऱ्या एमबीआर२जीपीटी टूलची 'व्हॅलिडेट' कमांड फेल होते. सी, डी, ई असे तीन भाग आहेत.

टाइमलाइन:
डी आणि ई लॉजिकल पार्टिशन असणार, ते या टूलला चालत नाही. त्याला जास्तीत जास्त तीन प्रायमरी पार्टिशन चालतात, एक्स्टेंडेड एकही नाही. डी-ई मधला डेटा हार्ड डिस्कवर हलवा, ते दोन्ही आणि रिकामं उरलेलं एक्स्टेंडेड डिस्क मॅनेजमेंटमधून डिलीट करा, मग पुन्हा 'व्हॅलिडेट' आणि पास झालं की 'कन्व्हर्ट'. दोन्हीला '/अलाउफुलओएस' जोडा. आधी बॅकअप घ्या. कन्व्हर्ट झाल्यावर जुना बोर्ड लेगसी (जुन्या बूट) मोडमध्ये त्यावरून सुरू होणार नाही, बायोस यूईएफआय या नव्या मोडवर न्या.

खरं तर बोर्ड बदलताय तर ५०० जीबीची एनव्हीएमई घेऊन त्यावर विंडोज ११ नव्याने टाकणं जास्त सुटसुटीत. मग कन्व्हर्टचा खटाटोपच नको, जुनी एसएसडी प्रीमियरच्या कॅशेला (तात्पुरत्या फाइलींना) वापरा. बायोसमध्ये पीटीटी (इंटेलचं टीपीएम, विंडोज ११ ला लागतं) आणि सिक्युअर बूट चालू ठेवा. आणि लायसन्स आत्ताच तपासा: मशीनसोबत आलेलं ओईएम असेल तर ते जुन्या बोर्डाशी बांधलेलं असतं, नवं घ्यावं लागेल. रिटेल (वेगळं विकत घेतलेलं) असेल तर बोर्ड काढण्याआधी मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून घ्या.